वाळकाची नोंद

चैत्रातल्या एका सोमवारी सकाळी माझी पत्नी अंगणात पडली. अकोटच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

दहाव्या दिवशी विधी आटोपून मी नदीवरून परतलो, तेव्हा माझ्या दोन्ही बहिणींनी घर धुऊन काढलं होतं. भिंती खरवडून नव्यानं सारवल्या होत्या. सुतक फिटताना आमच्याकडे तसं करतात. पण मागच्या भिंतीवर पत्नीनं वाळकाचं बी थापून ठेवलं होतं. वाळूक म्हणजे काकडीच्या गोतातलं, कपाशीच्या ओळींमधून पसरणारं फळ. त्याचं बी ती राख आणि शेणात कालवायची आणि तळहाताएवढ्या चकत्या भिंतीला लावायची. पेरणीपर्यंत त्या तशाच राहत.

"बियाच्या चकत्या होत्या त्या," मी म्हणालो.

"मले ठाव हाये," धाकटी बहीण म्हणाली. "पन सुतकाच्या भितीवरचं बी पेरत नाही, दादा."

"फेकलं कुठं?"

"उकिरड्यावर. तू हात नको लावू."

मी तसाच, मुंडण केलेल्या डोक्यानं उकिरडा उपसला. तीन चकत्या सापडल्या. धाकटी महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

नोकरी असेपर्यंत मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. रोज एसटीनं जाणं-येणं. शेत तिनंच पाहिलं. ग्रंथालयात मी जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार वाचला होता. आपल्या देशानं त्यावर सही केली, पुढे कायदा केला आणि त्या कायद्यानं गावोगावी नोंदवही आली. गावात काय उगवतं, त्याची माहिती कोणाला आहे, हे गावानं स्वतः त्यात लिहायचं. करारातलं एक कलम मी तिला मराठीत सांगितलं होतं : स्थानिक लोकांच्या ज्ञानाचा मान राखावा, ते जपावं, त्यांच्या संमतीनं वापरावं.

ती वाळूक चिरत होती.

"ज्यायनं सह्या केल्या त्यायनं कदी वाळूक खाल्लं का?"

"नसेल."

"मंग त्यायले काय समजते?"

एवढं बोलून तिनं देठाकडची फोड माझ्या तोंडात कोंबली. कडू होती. "हे गाईले," ती म्हणाली. "याचं बी ठेवाचं नाही."

बियासाठी काढलेलं प्रत्येक वाळूक ती असं देठाकडून चाखायची. माझ्या आईच्या वेळी आमच्या शेतातली निम्मी वाळकं कडू निघत. तिच्या हाती शेत आल्यावर काही वर्षांनी क्वचितच एखादं निघायचं. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि तरी त्याला ज्ञान म्हणतात हे मला पुस्तकातून कळलं.

ती गेली त्याच वर्षी पावसाळ्यात ग्रामपंचायतीत नोंदवही मंजूर करायची बैठक झाली. शिकलेला म्हणून मी समितीत होतो. नोंदवही तयार करायचं काम दिलेल्या एजन्सीचा माणूस छापील प्रतच घेऊन आला. मी पानं चाळली. मोह, बांबू, रानगवा. आमचं गाव काळ्या मातीचं, सपाट. मोह पाहायचा तर डोंगरात, सेमाडोहच्या वाटेला लागावं लागतं.

"ही दुसऱ्या गावाची आहे," मी म्हणालो.

"सर, नमुना एकच असतो. बाकीच्या गावांनी सह्या केल्या."

"यात वाळूक नाही."

"काकडी आहे ना."

सरपंच मध्ये पडले. "सर, काहून अडवून राहिले? अन् रानगवा आपल्या गावात नाही म्हनता, एकदा ग्रामसभेत येऊन पाहा."

सगळे हसले. मलाही हसू आलं. सही मात्र मी केली नाही.

एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथंच बसून लिहिलं. वाळूक कधी पेरतात, कोणतं बियाला ठेवतात, देठाकडून का चाखतात, भिंतीला कसं लावतात. 'माहिती देणारी व्यक्ती' या रकान्यात पत्नीचं नाव लिहिलं.

"मयत व्यक्तीचं नाव चालणार नाही," एजन्सीचा माणूस म्हणाला. "तुमचं टाका."

"मला ते माहीत नव्हतं. तिला माहीत होतं."

"सर, कोण वाचणार आहे?"

त्याचा हा प्रश्न मी अजून विसरलो नाही. कोणी वाचणार नसेल तर खोटं तरी का लिहायचं? माझं दुःख मला कोणाला दाखवायचं नाही, त्यासाठी घराला दार आहे. पण जिनं तीस वर्षं जिभेनं निवडून एक जात गोड केली, ती बाई एका छापील ओळीखाली गाडली जाणार असेल, तर मी गप्प राहणाऱ्यांतला नाही. देशांनी ज्यावर सह्या केल्या, ते माझ्या गावात खरं व्हावं, एवढंच मी मागतो आहे. त्यानंतर सहीसाठी मला पंचायतीतून दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा मी गेलो आणि तेच सांगून परत आलो.

उकिरड्यातल्या तीन चकत्यांपैकी दोन कुजल्या होत्या. एक रुजली.

नोंदवही आता ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. त्यांनी शेवटी टाचून घेतलेलं, तिच्या नावाचं माझ्या अक्षरातलं एक पान त्यात आहे. बाकीच्या पानांवर माझी सही नाही.