एक वीत पायरी

पहाटे चारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. काम सुटून सहा वर्षं झाली, तरी चारच. बरोबरचे गवंडी त्याला 'ओळंबा' म्हणत. भिंत केसभर कलली तरी तो ती पाडायला लावायचा, मग ती कुणाचीही असो.

त्या शनिवारी त्याने खिडकी उघडली तर आठवडाभराचं मळभ गेलेलं. आभाळ पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. बायको उठल्यावर म्हणाला, "चल, दोन दिवस फिरू."

"कुठे? कुणाची भिंत बघायला?"

"तू म्हणशील तिथे."

ती कपडे शिवायची. तीस वर्षं पायमशीन चालवून गुडघे कुरकुरायला लागले होते. तिने विचार करायला वेळ घेतला नाही. "आधी तळ्यावर नावेत बसायचं. मग डोंगर. तीन वर्षं तुम्ही तिथे खपलात, पण वरून तळं कसं दिसतं ते मी अजून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी हे पाय ऐकतील का, सांगता येत नाही."

नावेत ती पाण्यात हात सोडून बसली, पोरीसारखी हसली. तो मात्र नावाड्याकडे बघत होता. "अर्धी ताकद वाया घालवतोय."

"आज तरी कुणाचं काम तपासू नका हो."

दुपारी ते डोंगराच्या पायथ्याशी आले. पायऱ्यांच्या शेजारून रोपवेचे डबे वर चालले होते. तिने तिकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी बांधलेल्या पायऱ्या असताना पैसे देऊन लोंबकळत जायचं?"

ती चढायला लागली. पन्नासाव्या पायरीला तिने त्याचा खांदा धरला. सत्तराव्या पायरीला भिंत धरली. ऐंशीला पहिला टप्पा आला, तिथे ती मटकन बसली. अजून तीनशे वीस राहिल्या होत्या.

"या एवढ्या उंच का हो?"

"डोंगरच उभा आहे."

तिने दम खाल्ला. मग समोरच्या पायरीला हात लावला. अंगठा खाली, करंगळी वर. अख्खी वीत भरली. माणसाच्या अंगाला हात न लावता माप सांगणारी बाई ती.

"घरची पायरी तुम्हीच बांधलीत ना? ती वितीला चार बोटं कमी भरते. तेव्हा मला म्हणाला होतात, सहा इंचांच्या वर पायरी बांधणारा गवंडी नव्हे, कसाई."

तो पायरीच्या कडेवरची माती नखाने खरवडू लागला.

"मी काय विचारतेय?"

"नकाशात सहाच होते. सहाशे पायऱ्या. ठेकेदार म्हणाला, नऊ इंच घे, चारशेत काम उरक."

"आणि तुम्ही?"

"मी काही बोललो नाही."

"दुसऱ्याची भिंत पाडायला लावणारे तुम्ही, काही बोलला नाहीत?"

"त्याच आठवड्यात मला हेड मिस्त्री केलं."

तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटायचं, कामाने केलं."

उतरताना तिने त्याचा खांदा धरला नाही. पायरीवर बसून, मग खालच्या पायरीवर सरकून, अशा ऐंशी पायऱ्या ती उतरली. तो दोन पायऱ्या पुढे, हात पसरून. हात रिकामेच राहिले.

रविवारी तो चारला उठला तर ती आधीच उठून तयार बसलेली. बाहेर कालच्यासारखंच कोवळं, स्वच्छ ऊन पडलं तेव्हा ते निघाले. रोपवेच्या खिडकीवर रांग होती, सगळे म्हातारे, गुडघेदुखीचे.

"गर्दी बरीच आहे," तो खिडकीतल्या माणसाला म्हणाला.

"असणारच, काका. पायऱ्या चढवतात का कुणाला? ज्याने त्या बांधल्या त्याचा फोटो लावायला पाहिजे इथे. त्याच्या जिवावर आमची चूल पेटते."

"हेच ते," बायको म्हणाली. "लावा फोटो."

तो माणूस हसला. त्याला ती थट्टा वाटली.

ओळंब्याने खिशातून पैसे काढले. "दोन द्या."

"एकच," ती म्हणाली. "जाऊन-येऊन. यांचे पाय धडधाकट आहेत."

ती डब्याची वाट बघत थांबली, तो चढायला लागला. पहिल्या टप्प्यावर धाप लागून उभा राहिला. काल ती बसली होती ती जागा त्याने टाळली. वरून डबा सरकत गेला. काचेत तिचा चेहरा दिसला. ती खाली बघत नव्हती, तळ्याकडे बघत होती.

चाळीस वर्षांच्या मजुरीतून अखेर हे आलं: एका माणसाचं तिकीट, जायचं आणि यायचं, त्याच्या पायऱ्यांना पाय न लावता.