बिबट्याचे डोळे

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या गावच्या सावळे गुरुजींचे. त्यांची आठवण मला परळच्या एका चाळीत, एका मूर्तिकारामुळे झाली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

राष्ट्रीय उद्यानातल्या प्राण्यांसाठी पाणवठा बांधायचा, त्याचे पैसे जमवायला आम्ही काही मित्रांनी त्या चाळीत चित्रं विकायला मांडली होती. दुपारपर्यंत एकही खपलं नाही. तेव्हा हे काका गणपतीच्या कारखान्यातून आले, बोटांना रंग तसाच. त्यांनी कोऱ्या कागदावर बिबट्या काढला आणि शेवटी श्वास रोखून डोळे आखले. डोळे हुबेहूब गणपतीचे!

"काका, हा बिबट्या की बाप्पा?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"जन्मभर हेच डोळे काढले रे, दुसरे येत नाहीत," काकाही हसले. "पण अशा डोळ्यांनी बघणाऱ्याला कोण तहानलेला ठेवील?"

एका आजींनी चित्राला नकळत हात जोडले आणि ते विकत घेतलं. मग काका संध्याकाळपर्यंत बिबटेच काढत होते.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं:

'गुरुजी, माझ्या कॉलेजच्या फीसाठी तुम्ही पैसे मागत दारोदार फिरलात, तेव्हा मलाही सोबत न्यायचात. मी लाजून खाली बघायचो आणि तुम्ही म्हणायचात, "मान वर कर." ते का, हे काल चित्रातल्या एका बिबट्याच्या डोळ्यांकडे बघून कळलं. पाणवठा होतोय. बघायला या.'