बहिणीला खोटं बोलायला मीच शिकवलं

अड्याळवाल्यांनो, गावच्या ग्रुपवर हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

माझी लहान बहीण नववीत आहे. दोन महिन्यांपासून शाळेत जात नाही, नीट जेवत नाही. तिच्या सरांनी भंडाऱ्याच्या समुपदेशक मॅडमकडे न्यायला सांगितलं. मी इकडे हैदराबादला कामावर. फोनवरून घरी बजावलं, "कोणी विचारलं तर डोळे दाखवाले जाऊन राहिलो म्हणा."

आज दुसऱ्या भेटीत मॅडमनी आईबाबांनाही बसवलं आणि मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. मला वाटलं, गोळ्या लिहून देतील, पोरीला दोन शब्द सुनावतील. तसं काही झालंच नाही. त्या एकेकाला शांतपणे विचारत होत्या. बहिणीला विचारलं की उत्तर मीच देत होतो.

"दादा, तिला बोलू द्या," मॅडम म्हणाल्या.

बहीण म्हणाली, "बाजूची काकू रोज विचारते, चष्मा कुठं आहे वो? मी काय सांगू? दादाले माझी लाज वाटते."

मी म्हटलं, "सांगून दे ना मंग खरं."

"तूच सांग. खोटं तूच शिकवलं ना!"

म्हणून तिला विचारूनच सांगतो. ती मनातलं बोलायला जाते. अजून काही वेळा जावं लागेल, आम्हा सगळ्यांनाच. कोणाला हसायचं असेल तर मला हसा.

तुमच्या घरी असं असतं, तर तुम्ही गावात खरं सांगितलं असतं का?