कोन लागते हे आपली?

तेरवीच्या दिवशी माझ्या मांडीवरचं लुगडं सगळ्यांसमोर ओढून घेतलं. ओढणारा वैशालीचा थोरला भाऊ. तेरवी त्याच्या बापाची. आणि त्या बापाला शेवटची दोन वर्षं भरवणारी, पुसणारी, कुशीवर वळवणारी मी.

गिरडला त्यांच्या अंगणात आम्ही बायका बसलो होतो. तेरवीला घरच्या लेकीसुनांना लुगडं द्यायची त्यांच्याकडे पद्धत. वैशालीची आत्या एकेकीच्या मांडीवर ठेवत आली. माझ्यापाशी थांबली. "इनं केलं माह्या भावाचं. इले पयले," म्हणाली आणि ठेवलं. साधंच होतं, हिरवट रंगाचं. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्या घरानं मला पहिल्यांदाच काही दिलं होतं.

तेवढ्यात वैशालीचा भाऊ आला. जामला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, गावात वजन आहे.

"आत्या, हे लुगडं घरच्यायसाठी हाय. कोन लागते हे आपली? वैशालीसंगं खोली करून राह्यते, बस."

आणि ओढलं. बायका पदराआड हसल्या. वैशाली समोरच पंगतीला वाढत होती. तिनं ऐकलं. मान खाली घातली.

मी आणि वैशाली बोरगाव मेघेला एका घरात राहतो. मी शाळेत शिकवते, ती एका ऑफिसात कारकून आहे. घरमालकाला सांगितलंय, मावसबहिणी. शाळेत सांगितलंय, मैत्रीण. खरं म्हणजे आमचा संसार आहे. कुकरच्या शिट्ट्या, रुसवेफुगवे, सगळं असलेला संसार. फक्त कायद्यात तो नाही. बायकोला रोज बडवणारा माणूस कायद्यानं नवरा. त्याला कोणी विचारत नाही, तू कोण लागतोस म्हणून.

एकदा हिंमत करून आम्ही लग्नाची नोंदणी करायला गेलो होतो. टेबलामागच्या बाबूनं विचारलं, "नवरदेव कुठी हाय?" मी म्हटलं, आम्ही दोघीच. त्यानं शेजारच्याला हाक मारली, "या ना भाऊ, पाहा काय आलं." लोक उठून बघायला आले. जत्रेतला तमाशा बघतात तसे. वैशाली माझ्याही पुढे जिना उतरून गेली.

पुढे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानंही सांगितलं, अशा लग्नाचं काय ते संसदेनं बघावं. टीव्हीवर बातमी चालू होती. बाबा, म्हणजे वैशालीचे वडील, तेव्हा आमच्याकडेच खाटेवर होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. "बंद कर ते," म्हणाले. "तुमी दोघी जेवून घ्या आता." म्हातारा सगळं समजून होता, असं मला आजही वाटतं.

त्या दिवशी पंगत उठली. भाऊ माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाई, पत्रावळ्या उचलून घ्या बरं."

मी वाकलेही. सवयच तशी. हातात उष्टी पत्रावळ आली आणि डोकंच फिरलं. टाकली तिथेच.

"नाई उचलत. तुमच्या घरची मोलकरीण नाई मी. विचारलं ना, कोन लागते म्हणून? मी वैशालीची बायको आहो."

भावाचा हात उठला, पण चार माणसं होती म्हणून तसाच राहिला. वैशालीनं भाजीचं भांडं खाली ठेवलं आणि घरात निघून गेली. माझ्या बाजूला येऊन उभी राहिली नाही. हे लिहिताना अजून दुखतं.

परतताना ती गाडीवर मागे बसली, पण खांद्यावर हात ठेवला नाही. घरी आल्यावर म्हणाली, "सांगायच्या आधी मले विचारायचं तरी होतं. मले लय भेव वाटते."

तिचं खरं होतं. तिचंही आयुष्य मी चव्हाट्यावर आणलं होतं.

"भेव मलेबी वाटते," मी म्हटलं. "पण तुह्या बापासाठी मले मोकळं रडताबी नाई आलं."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्येच विचारलं, "रजेवर होतात. कोण वारलं, मॅडम?" एरवी मी म्हणाले असते, ओळखीतले.

"माझे सासरे."

"पण तुमचं लग्न कुठे झालंय?"

"झालंय. कायदा मानत नाही."

वैशालीचं नाव मी घेतलं नाही. ते ती घेईल तेव्हा घेईल. माझं तेवढं मी सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी माझ्या जागेवर बसून वह्या तपासायला घेतल्या.

आता शाळेत कुजबुज होईल. घरमालक खोली रिकामी करायला सांगेल. वैशाली माझ्यापाशी राहील की भावाकडे जाईल, तेही आज सांगता येत नाही. पण मावसबहीण, मैत्रीण, हे खोटं माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. संसदेला वेळ मिळेल तेव्हा तिनं ठरवावं. माझं ठरलंय.