मामाच्या बुटांची लिंक

मामा बुटाच्या टाचेवर कानस मारत होता आणि भिंगरी समोरच्या स्टुलावर बसून त्याच बुटाचा फोटो आणखी एका ग्रुपात टाकत होती. फोटोखाली दुकानाच्या साइटची लिंक. हा ग्रुप बागकामवाल्यांचा, आधीचा मांजरं पाळणाऱ्यांचा. भिंगरीचं म्हणणं सरळ होतं, पाय सगळ्यांनाच असतात.

भिंगरी त्याची भाची. शाळा अर्ध्यात सोडलेली, एका जागी बूड न टिकणारी, म्हणून हे नाव. पण मामाबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, तर तिथल्या तिथे त्याची हजामत करून मोकळी व्हायची.

मामा साधे बूट करत नसे. ज्यांचा एक पाय आखूड, त्यांच्या एका बुटाचा तळ तो उंच करून द्यायचा, तोही असा की लांबून जोडी सारखीच दिसावी. माणूस लंगडत आत यायचा आणि सरळ बाहेर जायचा. गिऱ्हाइकं पाठवायचे ते एक हाडांचे डॉक्टर. त्यांनी म्हातारपणी दवाखाना बंद केला आणि दुकानात कुणी फिरकेना. मामीच्या भावाने गोदामावर पहाऱ्याची नोकरी बघून ठेवली. दिवसाची, खुर्चीवर बसून. मामा जवळजवळ हो म्हणाला होता.

भिंगरीच आडवी आली. म्हणाली, लोक आता डॉक्टरला नाही, फोनला विचारतात. फोनमध्ये शोधलं की पहिला तू दिसायला हवास, बाकी माझ्यावर सोड. जितक्या ठिकाणी लिंक, तितकं दुकान वर, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. मग काय, दिसेल त्या ग्रुपात लिंक. बरेच जण वैतागले. पालकांच्या एका ग्रुपात तो ग्रुप चालवणाऱ्या बाईने बजावलं, हा बाजार नाही. भिंगरीने उलट लिहिलं, "का, तुमच्या पोरांना पाय नाहीत?" तिला हाकललं. भिंगरी म्हणाली, खड्ड्यात जा.

आणि नंबर खरंच चढला. ती रोज सकाळी शोधायची, स्वतःच्याच साइटवर बोट दाबायची आणि बघायची. दुकान हळूहळू वर सरकलं, मग एक दिवस सगळ्यात वर. त्याच आठवड्यात एक बाई लंगडणाऱ्या मुलाला घेऊन आली. पत्ता कुठे मिळाला विचारलं तर म्हणाली, कुठेतरी लिंक पाहिली. फार बोलली नाही, भिंगरीकडे मात्र बघत राहिली. बूट तयार झाल्यावर त्यांच्या नाड्या भिंगरीनेच बांधल्या. पोरगा गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेला आणि पळतच आला. आता आणखी काय पुरावा हवा? मामाने गोदामाला नकार कळवला आणि कातडं मागवलं.

पुढे कुणी आलंच नाही.

मामीला भावासमोर तोंड दाखवायचं होतं. तिने दुकानातच आपल्या फोनवर शोधलं आणि खाली सरकवत राहिली. बुटांच्या कंपन्या, गुडघ्याचे पट्टे, कसले कसले मालिश. मामा कुठेच नाही. तिने फोन भिंगरीपुढे धरला. "दाखव बाई तुझा पहिला नंबर."

भिंगरी तशीच उठून कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याला हसू आलं, मग तिचं तोंड बघून त्याने ते गिळलं. तू रोज त्याच दारावर थाप मारतेस, तो म्हणाला, तुझा फोन समजला की हिला हेच घर लागतं. जगाला नाही ना तसं वाटत. आणि ग्रुपातल्या लिंकांनी नंबर चढत नाही. तिथे कुणीही काहीही चिकटवतं, ते कोण धरणार? माणसं बघतात, एखादं येतंही, पण नंबराला त्याचा उपयोग नाही. कुणी आपल्या स्वतःच्या साइटवर मनापासून तुझ्या मामाबद्दल लिहिलं, तर ती गोष्ट वेगळी.

परतताना तिला वाटलं, गल्ली संपूच नये. मामा नवं कातडं उलगडून बसला होता.

"मामा, तू पहिला फक्त माझ्या फोनमध्ये होतास."

मामाने कातडं परत गुंडाळलं. घाई केली नाही. "म्हणजे घरातल्या घरात पहिला," तो म्हणाला. "बरं आहे. घरात तरी कुणी कुठे विचारत होतं."

भिंगरीला हसता आलं नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

गोदामावरची दिवसाची जागा भरली होती. मामाला रात्रपाळी मिळाली. सकाळी तो सुजलेले डोळे घेऊन यायचा आणि तोंडावर पांघरूण ओढायचा. मामी भिंगरीशी बोलेना. ताट वाढायची, पण आदळून. भिंगरीने ग्रुपांचं नाव टाकलं. रोज दुकान उघडायची, शिलाई मशीनला तेल द्यायची, बूट ज्यांच्यावर चढवून शिवतात त्या लाकडी फर्म्यांवरची धूळ पुसायची आणि शटर ओढायची.

काही महिन्यांनी फोन वाजू लागले. लांबलांबचे लोक. म्हणत, शोधल्यावर तुम्हीच पहिले दिसता. भिंगरीला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय, तिने दोघांना झापलंसुद्धा. मग दुरुस्तीवाल्याने स्वतःच्या फोनवर शोधलं, मामीच्याही. दुकान सगळ्यात वर. मामा दुपारी दोन घास खाऊन फर्म्याशी बसू लागला, पण नोकरी सोडायचा धीर त्याला झाला नाही. एकदा तोंड पोळलंय, म्हणायचा. शिवता शिवता पेंगायचा, आणि भिंगरी त्याच्या हातातली आरी हळूच काढून घ्यायची.

नंबर कशाने चढला, ते तिला फार पुढे कळलं. आखूड पायाच्या मुलांच्या आया जिथे हमखास वाचतात, अशी एका बाईची साइट होती. तिने मामाच्या बुटांवर पानभर लिहिलं होतं आणि खाली लिंक दिली होती. वर मुलाचा फोटो, पायात तेच बूट, भिंगरीने नाड्या बांधलेले. बाईने लिहिलं होतं की एका उद्धट मुलीने आमच्या पालकांच्या ग्रुपात ही लिंक टाकली, मी तिला हाकललं, पण हाकलण्याआधी लिंक उघडून पाहिली.