मामाजींच्या फ्रीजमधला बर्फ

जगातली कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. भंडाऱ्यात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. उभा जन्म पाणी भरायचे गुंड आणि घंगाळी टिचकी मारून पारखण्यात गेल्यामुळे डोळ्यांपेक्षा कानांवर त्यांचा भरवसा जास्त. टरबूज सगळेच वाजवून घेतात. मामाजी नारळ, दारं, डॉक्टरांचं टेबलसुद्धा वाजवत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही की शेती विचारली नाही. पाठीवर दोन थापा मारल्या, मान कलती करून ऐकलं आणि आत सांगितलं, "पोरगा भरीव आहे. चहा ठेवा."

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात सासूबाईंना, म्हणजे मामीजींना, साखरेचा आजार निघाला. रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं की औषधाची बाटली थंड जागी ठेवा, पण गोठू देऊ नका; गोठलेलं औषध कामाचं नाही. तोवर माठाच्या पाण्यापलीकडे थंडावा न मानणारे मामाजी दुसऱ्याच दिवशी फ्रीज घ्यायला गेले. दुकानातले सगळे फ्रीज त्यांनी वाजवले. शेवटी एकापुढे थांबून म्हणाले, "हा बोलते. हाच द्या."

महिनाभरात त्या बोलणाऱ्या फ्रीजच्या वरच्या खणात बर्फ चढू लागला. आधी पांढरी साय, मग बोटभर थर, मग खणाची झडपही लागेना. मी तेव्हा साकोलीला शाळेत विज्ञान शिकवायचो. शनिवारी एसटीने सासुरवाडीला पोचलो, तर मामाजी दारातच उभे.

"जावईबापू, तुमी सायन्स शिकवता. सांगा, हा बर्फ कायले जमून राहिला?"

मी सांगितलं, की दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि तिच्यातल्या वाफेचाच बर्फ होतो. मामाजींनी डोळे बारीक केले. "म्हणजे चोर दारातून येते."

मग तपास सुरू झाला. दाराच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी अडकवून त्यांनी चारही बाजूंनी ओढून पाहिली. पट्टी फाटली, सुटली नाही. रबर निर्दोष ठरलं. शेजारच्या वहिनींचं गार पाणी बंद झालं. दुधाचं पातेलं आत जाण्याआधी मामाजींच्या गालाला लागायचं, गरम असलं की परत. बर्फावर लाकडी हातोडीने हलकेच ठोकून ते त्याची जाडी ऐकत. शेवटी मिस्त्री आला. त्याने आतलं थंडाव्याचं बटण सातवरून तीनवर आणलं आणि ताकीद दिली, की बर्फ काहीही मारून फोडू नका, नळी फुटली तर गॅस निघून जाईल. फ्रीज बंद करा, आपोआप वितळू द्या. त्याची पाठ वळताच मामाजींनी बटण पुन्हा सातवर नेलं. "लाइन कवा जाईन भरवसा नाई. गारवा आधीच भरून ठेवला पायजे."

पुढच्या रविवारी सकाळी इंजेक्शनची बाटली काढली तर ती गोठलेली. मामाजींनी ती कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी गावात कुठेच इन्सुलिन मिळालं नाही. रिकामा थर्मास काखेत मारून, न जेवता, मामाजी नागपूरच्या बसमध्ये बसले.

दुपारभर मी मामीजींजवळ बसलो. त्यांचा घसा सारखा कोरडा पडत होता. दोन पेले पाणी पिऊन त्या हळूच म्हणाल्या, "तुमाले खरं सांगू, बापू? दार तेच उघडतेत. दर घंट्याले दुकानातून येतेत, माह्या दवाईची बाटली पाहतेत आन् जातेत. मी झोपली हावो असं समजतेत."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

त्यांनी रिकामा पेला पदराने पुसून बाजूला ठेवला. "लगन होऊन तीस वर्सं झाली. दुपारचे घरी कधी आलेच नव्हते ते."

संध्याकाळी मामाजी बाटली घेऊन आले. औषध टोचून झालं, मामीजींना जरा बरं वाटलं, तेव्हा कुठे ते पाटावर टेकले आणि मला म्हणाले, "मास्तर, कारण भेटलं का?"

मी मामीजींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"भेटलं," मी म्हणालो. "बटण सातवर होतं म्हणून बाटली गोठली. ते तीनच्या वर न्यायचं नाही. आणि दर रविवारी फ्रीज बंद करून बर्फ वितळू द्यायचा."

"आन् दार?"

"दार अधूनमधून उघडलं तर चालतं."

विज्ञानाच्या मास्तराने असं सांगायला नको होतं. पण मामाजींनी ते मानलं. मामीजी पुढे सात वर्षं होत्या. दर रविवारी सकाळी फ्रीजखाली घमेलं लावून दोघं समोर पाट टाकून बसत. फारसं बोलत नसत. मी तिथे असलो तर ओसरीवरच थांबायचो. बर्फ वितळायला दोन-दोन तास लागायचे, आणि त्या दोघांना कसलीच घाई नसायची.