कवळीवाल्या बाईंनी विद्यापीठ पारखलं

कवळीवाल्या बाईंचा एक हट्ट होता. नवी कवळी बसवली की गिऱ्हाईकाला त्या तसंच घरी सोडायच्या नाहीत. समोर सफरचंदाची फोड ठेवायच्या आणि म्हणायच्या, “चावून दाखवा.” आरशात हसून काय कळणार, कपाळ? भल्याभल्या साहेबांनी तिथे मुकाट फोड खाल्ली आहे.

लेकीसाठी विद्यापीठ निवडायची वेळ आली तेव्हाही बाईंनी तेच केलं. लेकीला दातांत-हाडांत बसवायच्या धातूंवर संशोधन करायचं होतं. म्हणजे पदवीनंतरही पुढे बरंच शिकायचं. प्रवेश दोन ठिकाणी मिळत होता. त्यांच्याच शहरातलं विद्यापीठ नावाजलेलं. मामाने तर सगळ्या नात्यात डंका पिटून टाकला होता. दुसरं रात्रभराच्या प्रवासावर, आणि नाव सांगितलं तर लोक विचारायचे, “हे आणि कुठं आलं?”

“इंटर्नशिप मिळते असं दोघंही सांगतात,” बाई म्हणाल्या. “ती केलेलं एक तरी पोर दाखवा म्हणावं!”

नावाजलेल्या ठिकाणी गुळगुळीत माहितीपत्रक मिळालं, चहा मिळाला, पोर काही मिळालं नाही. प्रयोगशाळेत पाय ठेवायला शेवटचं वर्ष उजाडावं लागतं, एवढं मात्र बाईंनी खोदून खोदून काढून घेतलं. लांबच्या ठिकाणी त्यांनी प्रयोगशाळेच्या दारातच तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला गाठलं.

“खरं सांग हं. काय करायला देतात?”

“पहिल्या सुट्टीत कारखान्यात नुसत्या बाटल्या धुतल्या, काकू. दुसऱ्या सुट्टीत यंत्रावर बसवलं. आता मॅडमबरोबर प्रयोग करते. पुढच्या शिक्षणासाठी शिफारस त्याच देतील, माझं काम बघितलंय ना त्यांनी.”

बाटल्या धुतल्या म्हणाली, तिथेच बाईंचं मत पक्कं झालं; थापा मारणारी बाटल्या कशाला सांगेल? लेकीची नजर तर प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरून हटेना.

आणि घरी आल्यावर ही पोरगी म्हणते काय, “मी शहरातलंच घेते.”

“का गं? डोकं फिरलं का तुझं?”

लेक बाईंच्या हातांकडे बघत राहिली. वर्षभर ते हात कापत होते आणि कवळ्यांचं शेवटचं बारीक घासकाम संध्याकाळी तीच उरकत होती. त्यावर दोघींनी कधी चकार शब्द काढला नव्हता. बाईंना भयंकर राग आला, लेकीचा नव्हे, स्वतःच्या हातांचा.

“माझे हात कापतात म्हणून तू तुझे बांधून घेणार? घासकामाला मी माणूस ठेवीन, नाहीतर कामं कमी घेईन. माझं मी बघते. बस त्या कम्प्युटरपुढे.”

“पण आई, तू एकटी...”

“बस म्हणते ना!”

मुदत त्याच दिवशी संपत होती. लेकीने लांबचं विद्यापीठ निवडलं. बाईंनी चष्मा चढवून नाव नीट वाचलं आणि तिला बटण दाबायला लावलं. प्रवेश पक्का झाल्याचं पडद्यावर उमटलं, तशा बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

लेक घाबरली. “अगं आई, नको का जाऊ मी?”

“जायचंच आहे,” बाई नाक पुसत म्हणाल्या. “मघाशी रडले असते तर तू गेली नसतीस. आता रडू दे मला.”